अंदाज पुण्याचा, वाफसा वाटूरचा

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी दिलेला विषय होता हवामानाचे तडाखे आणि किनाऱ्यावरच्या वस्त्यांना त्यातून सावरायला मदत करणारे शास्त्रज्ञ. त्यासाठी जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातलं वाटूर निवडणं हा खोडसाळपणा वाटेल. वाटूरहून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतो. इथे होडी नाही की जाळं नाही. जालना-मंठा रस्त्यावरचा फाटा आहे, परतूरकडे वळणाऱ्या गाड्या आहेत, चहाची हॉटेलं आहेत, कृषी सेवा केंद्रांच्या पाट्या आहेत. जून लागला की त्या पाट्यांखाली बियाण्याच्या पिशवीचा भाव विचारता विचारता आभाळाकडे नजर टाकणारी माणसं दिसतात. तरीही समुद्राचा आणि या फाट्याचा संबंध दूरचा नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळातला पाऊस तपासला. मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना या काळात तिपटीने वाढल्याचं त्यांना आढळलं, आणि त्याचं मोठं कारण म्हणून त्यांनी अरबी समुद्राकडे बोट दाखवलं. त्या समुद्रावरून बाष्प वाहून आणणारे पश्चिमेचे वारे पूर्वीपेक्षा लहरी झाले आहेत. ते मध्येच उसळी घेतात आणि दोन-तीन दिवसांत महिन्याचं पाणी ओतून जातात. एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही, उलट मोसमी पावसाचं मान घटत आलं आहे. म्हणजे समुद्र तापतो तिकडे, आणि शेंगा भरलेलं सोयाबीन सडतं इकडे.

या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की हवामानाचा अंदाज आणि शेतकऱ्याचा निर्णय यांच्यामध्ये जी जागा आहे, ती भरून काढणं हे आजच्या काळातलं खरं शास्त्रज्ञाचं काम आहे. ती जागा यंत्राने भरत नाही, तिथे त्या मुलखात राहणारा माणूस लागतो. आपण यंत्रांवर खर्च केला आणि त्या माणसाची जागा कंत्राटी ठेवली, मग तीही बंद केली.

एका मंडळाचे तीन हंगाम

वाटूर हे महसूल मंडळ आहे. शहरी वाचकाला या शब्दाचं वजन कळणार नाही, पण शेतकऱ्याच्या नशिबाचा हिशेब आता याच पातळीवर होतो. मंडळाच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी जमलं तर अतिवृष्टी, नाहीतर नाही. महावेध प्रकल्पात राज्यभर मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं बसली, हे चांगलंच झालं. एके काळी तालुक्याला एकच आकडा असायचा. पण मंडळात डझनभर किंवा जास्त गावं असतात, आणि मराठवाड्यातला पाऊस ओढ्याच्या अलीकडे पडतो, पलीकडे पडत नाही. केंद्र ज्या शिवारात आहे तिथे ६० मिलिमीटर आणि चार कोसांवर ९०, असं झालं तर ९० वाल्याची वाहून गेलेली माती कागदावर येतच नाही. ६५ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर साडेसहा लाख लिटर पाणी. काळ्या भारी जमिनीत ते लवकर जिरत नाही, उताराला लागतं आणि वरचा थर घेऊन जातं.

२०२३ ते २०२५ हे तीन हंगाम पाहिले की अडचणीचा आकार कळतो. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन फुलोऱ्यात असताना पावसाने दडी मारली. ऑक्टोबरअखेरीस सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात जालना जिल्ह्यातले पाच तालुके होते, शेजारचा मंठा होता, परतूर नव्हता. वाटूर परतूर तालुक्यात, पण मंठ्याच्या वाटेवर. तालुक्याची हद्द ओलांडून ढग थांबत नाहीत, मदत मात्र थांबते. पुढे नोव्हेंबरात हजारावर मंडळांना दुष्काळसदृश म्हणून काही सवलती मिळाल्या, ती याच तक्रारीची कबुली होती. २०२४ मध्ये सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांतच मराठवाड्यात मंडळामागून मंडळं अतिवृष्टीच्या यादीत गेली. २०२५ च्या सप्टेंबरात तर मराठवाड्याच्या नद्यांनी काठ सोडले, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं आणि राज्य सरकारला ऑक्टोबरात ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर करावं लागलं. जालन्याचा सरासरी पावसाळा ६०० मिलिमीटरच्या आसपासचा. ज्या जिल्ह्याने २०१२-१३ मध्ये मोसंबीच्या बागा सरपणासाठी तोडल्या, त्याच जिल्ह्याला आता पाणी बाहेर कसं काढायचं हे शिकावं लागतंय. त्यात गारपीट वेगळीच. ११ फेब्रुवारी २०१८ ची गार जालना जिल्हा विसरलेला नाही. ती आंब्या बहाराच्या ऐन दिवसांत पडली.

तर अनुकूलन म्हणजे दुष्काळाची तयारी, हे समीकरण इथे चालत नाही. एकाच शेतकऱ्याला एकाच हंगामात ऑगस्टमध्ये ओल धरून ठेवायची आहे आणि सप्टेंबरात पाणी काढून द्यायचं आहे. ही अट विचित्र आहे, आणि तिची उत्तरं स्थानिकच असू शकतात.

पेरू की थांबू

भारतीय हवामान विभागाचा कृषी हवामान विभाग पुण्यात १९३२ मध्ये सुरू झाला, एल. ए. रामदास यांच्या पुढाकाराने. शेतीसाठी हवामान ही कल्पना म्हणजे मोबाइलच्या जमान्यातली नवलाई नव्हे, हे सांगण्यापुरताच हा उल्लेख. आज ग्रामीण कृषी मौसम सेवेतून दर मंगळवारी आणि शुक्रवारी सल्ला निघतो. मराठवाड्यासाठी तो परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून येतो. पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, तापमान, वारा, आणि त्यावरून पिकाचं काय करावं. २०२५ च्या मे महिन्यात भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली, तिची जाळी सहा किलोमीटरची आहे. त्याआधी बारा किलोमीटरची होती. विज्ञानाची ही बाजू झपाट्याने सुधारते आहे आणि तिची टवाळी करण्यात अर्थ नाही.

पण वाटूरच्या शिवारात जूनच्या शेवटच्या आठवड्यात नेमकं काय होतं ते पाहू. मृग कोरडा गेला आहे. आर्द्रात एका रात्री ४५ मिलिमीटर पाऊस झाला. विद्यापीठाची शिफारस स्पष्ट आहे: ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका. अंदाज म्हणतो, पुढच्या पाच दिवसांत तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम. आता पेरायचं की थांबायचं? भारी काळ्या रानात खोलवर ओल गेली असेल तर थोडी उघडीप सोसते. मुरमाड हलक्या रानात आठ दिवसांत कोंब करपतो. विहिरीला पाणी असेल तर तुषार संचाने एक पाळी देता येते, नसेल तर मोड करून दुबार पेरणी. बियाणं घरचं असेल तर चुकलेल्या पेरणीची किंमत वेगळी, उधारीवर आणलं असेल तर वेगळी. एकराला तीस किलोच्या आसपास बियाणं लागतं आणि दुसऱ्यांदा उधार देताना दुकानदाराचा चेहरा बदलतो. थांबलं तर धोका नाही असंही नाही. जुलैच्या मध्यानंतर सोयाबीनची पेरणी उतारा खाते, मग तूर किंवा दुसरं पीक बघावं लागतं. आणि ट्रॅक्टरवाला आज मोकळा आहे, परवा नाही. वाफसा दोन दिवसांचा असतो, सल्ल्याचं पत्रक तीन-चार दिवसांनी येतं.

या सगळ्या गोष्टी पुण्याच्या संगणकाला माहीत नसतात, आणि त्याचा तो दोषही नाही. हवामानशास्त्रज्ञ शक्यता सांगतो; शेतकऱ्याला मात्र शक्यता पेरता येत नाही, त्याला हो किंवा नाही ठरवावं लागतं. मधलं गणित असं असतं: हा अंदाज चुकला तर कोणाचं किती जाईल, आणि ज्याचं जाईल त्याला ते सोसेल का? हे गणित मांडायला मातीची खोली, विहिरीची पातळी, बियाण्याची उगवण आणि घरातली उधारी, या चारही गोष्टी एकाच वेळी समोर हव्यात. चांगला कृषी हवामानतज्ज्ञ काय करतो, तर आधी प्रश्न विचारतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवले ते पाहिलं का? सत्तरच्या खाली असतील तर बियाणं वाढवा किंवा बदला. सगळं रान एकाच दिवशी का पेरता, भारी तुकडा आज आणि हलका पुढच्या पावसावर का नाही? रुंद वरंबा सरीचं यंत्र मिळतंय का? त्या पद्धतीत पिकाच्या ओळी वरंब्यावर येतात. खंड पडला तर सरीत मुरलेली ओल कामाला येते आणि अतिवृष्टी झाली तर तीच सरी पाणी वाहून नेते. ऑगस्ट आणि सप्टेंबर या दोन टोकांवरचा मराठवाड्यातला सर्वांत स्वस्त उपाय बहुधा हाच असावा, आणि तो शेतकऱ्याच्या पेरणीयंत्राच्या फणात आहे.

दुसरा उपाय बियाण्यातला. जालना जिल्ह्यातच बदनापूरला विद्यापीठाचं कृषी संशोधन केंद्र आहे. तुरीच्या बीडीएन मालिकेतली नावं तिथली. बीडीएन-७११ हा वाण साधारण दीडशे ते एकशे पंचावन्न दिवसांत येतो, म्हणजे पाऊस लवकर गेला तर शेवटच्या ताणात सापडत नाही. सोयाबीनच्या चार ओळींना तुरीच्या दोन ओळी लावा, ही शिफारसही जुनी. सोयाबीन पाण्यात गेलं तरी तूर उभी राहते. हा विम्याचा हप्ता जमिनीतच भरला जातो, आणि त्याला बहात्तर तासांत तक्रार नोंदवायची अट नसते.

समुद्राकाठचा दाखला

ही जागा माणसानेच भरते याचा पुरावा किनाऱ्यावर जास्त ठळक दिसतो, म्हणून थोडा वेळ तिकडे. एम. एस. स्वामिनाथन संशोधन संस्थेने १९९८ पासून पुदुच्चेरीच्या खेड्यांत माहिती केंद्रं सुरू केली. मच्छीमारांच्या गावात लाटांच्या उंचीचा अंदाज इंटरनेटवरून उतरवून ध्वनिक्षेपकावर सांगितला जाई. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी नल्लवाडू गावातल्या एकाने सिंगापूरहून घरी फोन केला, कारण तिथे टीव्हीवर त्सुनामीची बातमी होती. गावातल्या लोकांनी केंद्राचा ध्वनिक्षेपक लावला आणि सगळ्यांना किनारा सोडायला सांगितलं. गाव वाचलं. त्या दिवशी त्या समुद्रासाठी त्सुनामीचा अधिकृत इशारा देणारी यंत्रणाच अस्तित्वात नव्हती. पण रोज सकाळी लाटांबद्दल खरं बोलणारा आवाज गावाच्या सवयीचा झाला होता. अनोळखी भोंगा वाजला असता तर किती जण पळाले असते?

ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. मधल्या काळात उपग्रह सुधारले, अंदाज नेमका झाला, हे खरंच. पण चक्रीवादळ निवारे बांधले गेले, गावोगावच्या स्वयंसेवकांनी सराव केले, आणि इशारा मिळाल्यावर कोणत्या म्हातारीला कोण उचलून नेणार हे आधी ठरलेलं होतं.

आपल्या कोकणातलं उदाहरण याच्याही पुढचं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला भिडलं. मार्गाचा अंदाज आधीच आला होता, लोकांना हलवलं गेलं, मनुष्यहानी मर्यादित राहिली. हवामान खात्याचं काम तिथे चोख झालं. पण श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. रोठा सुपारीची नवी बाग धरायची तर हाती उत्पन्न येईपर्यंत कित्येक वर्षं. श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे, रत्नागिरीजवळ भाट्ये इथे नारळ संशोधन केंद्र आहे. वादळानंतर बागायतदाराचे प्रश्न त्यांच्या दारात येणारच. रोपं कुठून आणायची, मधल्या वर्षांत मसाल्याचं काय घेता येईल, वाऱ्याच्या तोंडावर कोणती झाडं लावायची? इशारा देऊन शास्त्रज्ञाचं काम संपत नाही, हे किनाऱ्याने शिकवलं. मराठवाड्यात ते अजून धोरणात उतरलेलं नाही.

पंचांग, मोबाइल आणि डख

यावर पहिला आक्षेप असा की शेतकऱ्याला हे सगळं उपजत कळतं, त्याच्याकडे नक्षत्रं आहेत. नक्षत्रांचा हिशेब हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाचा साठा आहे आणि त्याला हसणारा माणूस शेतीत टिकत नाही. पण तो साठा ज्या हवामानात जमा झाला ते हवामान सरकतंय. मृगाची पेरणी हा संकेत तेव्हा उपयोगी, जेव्हा मृगानंतर आर्द्रा भरवशाची असते. पाऊस येण्याची तारीख आणि तो टिकण्याची शक्यता यांची फारकत झाली, की जुना संकेतच दुबार पेरणीकडे ढकलतो.

दुसरा आक्षेप अधिक आजचा: हातात मोबाइल आहे, मेघदूत ॲप आहे, विजेचा इशारा देणारं दामिनी आहे, मग मधला माणूस कशाला? दामिनीचा दाखला इथे बोलका आहे. वीज पडण्याचा धोका दिसला तर करायची गोष्ट एकच असते, झाडाखालून उठून आडोशाला जाणं. तिथे ॲप पुरतं, आणि ते प्रत्येकाच्या फोनात असायलाच हवं. जिथे एका माहितीवर एकच कृती ठरलेली असते तिथे यंत्र बेधडक वापरावं. पेरणी, फवारणी, मोसंबीचा ताण तोडणं या निर्णयांत एका माहितीवर दहा वेगवेगळी उत्तरं बरोबर असू शकतात. उद्या कृत्रिम बुद्धिमत्ता मराठीतून सल्ला देईल, बहुधा बराही देईल. पण तो चुकला तर पुढच्या आठवड्यात फाट्यावर चहा पिताना तिला कोणी गाठू शकणार नाही. सल्ला देणाऱ्याला गाठता येणं ही भाबडी अपेक्षा नाही, तो सल्ल्याच्या विश्वासार्हतेचाच भाग आहे.

याच मुद्द्यावर पंजाबराव डखांचं नाव घ्यावं लागतं. ते शेजारच्या परभणी जिल्ह्यातले, सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे, म्हणजे वाटूरच्या मुलखातलेच. त्यांचे अंदाज मराठवाड्यात प्रचंड ऐकले जातात, आणि हवामानशास्त्रज्ञांनी त्यांच्या पद्धतीबद्दल जाहीर आक्षेप घेतले आहेत. दीर्घ मुदतीचे तारीखवार अंदाज शास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत, हा आक्षेप बरोबरच आहे. पण एवढ्यावर थांबणं ही शास्त्रज्ञांची आळशी सुटका आहे. लोक त्यांचं का ऐकतात? कारण ते शेतकऱ्याच्या बोलीत बोलतात, जिल्ह्यांची नावं घेतात, पेरा किंवा थांबा असं सांगतात. ‘तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम’ या वाक्याने जी जागा रिकामी ठेवली, ती त्यांनी भरली. ती शास्त्राने भरायची असेल तर शास्त्राचा माणूस तितकाच जवळ उभा राहायला हवा.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. सल्ला कितीही नेमका असो, भाव पडलेला असेल, विमा मिळत नसेल, तर त्याचा उपयोग काय? मान्य आहे. शास्त्रज्ञ भाव ठरवत नाही आणि कर्जही फेडत नाही. ज्याच्याकडे विहीर नाही त्याला ‘संरक्षित पाणी द्या’ असं सांगणं ही क्रूर थट्टा होते. म्हणूनच सल्ला सरसकट नको, त्या माणसाच्या ऐपतीतला हवा. दुबार पेरणी टळली तर वाचलेली रक्कम छोटी असते, पण ती सावकाराकडून आणावी लागत नाही.

शेततळ्याचा धडा

जवळचा शास्त्रज्ञ नसला की अनुकूलनाच्या नावाखाली काय होतं, ते शेततळ्यांत दिसतं. जालना तालुक्यातलं कडवंची हे नाव पाणलोटाच्या कामासाठी राज्याला माहीत आहे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने तिथे १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम उभं केलं. आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत माती अडवली, मग द्राक्षबागा आणि शेततळी आली. दुष्काळातही गाव टिकलं. त्या यशानंतर राज्यभर शेततळ्याची हाक उठली, २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ आलं. मूळ कल्पना पावसाचं वाहतं पाणी साठवण्याची. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचा कागद अंथरलेली मोठी तळी झाली आणि ती बोअर, विहिरीतलं पाणी उपसून भरली गेली. ईश्वर काळे यांनी २०१७ मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीमध्ये हे नेमकं मांडलं: जमिनीखालचं सामायिक पाणी वर आणून खासगी करायचं, आणि उन्हात त्याची वाफही होऊ द्यायची. ज्याच्याकडे पैसे त्याची बाग वाचते, शेजाऱ्याची विहीर डिसेंबरात तळ दाखवते. कडवंचीत तळ्याआधी जी माणसं होती, मोजणारी, बैठका घेणारी, नाही म्हणणारी, ती योजनेच्या अर्जात बसत नव्हती. फक्त तळं बसलं.

जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ पासून चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने, लोकांच्या तोंडी ‘पोकरा’ने, यातून काही शिकलेलं दिसतं. त्यात गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत आयआयटी मुंबईच्या गटाने तयार केली: पडलेला पाऊस, वाहून गेलेलं, मुरलेलं, पिकांनी प्यायलेलं. हे फार मोलाचं काम आहे. पण ताळेबंद भिंतीवर रंगवला म्हणून कोणी उसाचा एक तास कमी लावत नाही. तो आकडा गावच्या बैठकीत वाचून दाखवणारा, ‘तुमच्या शिवारात यंदा रब्बीला एवढंच पाणी आहे’ असं सांगून त्यावरची शिवीगाळ ऐकून घेणारा माणूस लागतो.

रिकामी खुर्ची

असा माणूस नेमण्याचा एक प्रयत्न देशात झाला होता. २०१८ नंतर कृषी विज्ञान केंद्रांच्या आवारात जिल्हा कृषी हवामान केंद्रं उघडली गेली, देशभर १९९. प्रत्येकात एक कृषी हवामानाचा विषय विशेषज्ञ आणि एक निरीक्षक. तालुका पातळीवरचा अंदाज घ्यायचा, त्या जिल्ह्याच्या पिकांशी जोडायचा, शेतकऱ्यांच्या गटांना कळवायचा, शेतावर जायचं. पदं कंत्राटी होती. मार्च २०२४ अखेर ती केंद्रं बंद करण्यात आली. हवामानाचे आकडे आता आपोआप गोळा होतात, मग प्रत्येक जिल्ह्यात कर्मचारी कशाला, असा युक्तिवाद त्यामागे होता. या लेखातली सगळी मांडणी त्या एका वाक्याच्या विरोधात आहे. ही माणसं आकडे गोळा करण्यासाठी नव्हतीच. आकड्यांचं काय करायचं हे ठरवायला ती शेतकऱ्याजवळ बसत होती. केंद्रं बंद झाली त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी झाली. त्या माणसांनी पाऊस थांबवला नसता. पण काढणी तीन दिवस आधी करा, कापलेलं सोयाबीन रानात पसरून ठेवू नका, गंजी उंचवट्यावर लावा, एवढं सांगायला ती असायला हवी होती.

केंद्रं पुन्हा सुरू करण्याच्या बातम्या अधूनमधून येतात. ती सुरू झाली तर कंत्राटावर नकोत. ज्याची नेमणूक दर मार्चला संपते त्याच्यावर शेतकरी पाच हंगामांचा विश्वास टाकणार नाही. त्याचा खर्च किती, हा प्रश्न विचारणाऱ्यांनी तो एका वर्षाच्या नुकसानभरपाईशेजारी मांडून पाहावा. गावोगावी स्वयंचलित हवामान केंद्रं बसवण्याचं काम आता ग्रामपंचायत पातळीवर जातंय, ते व्हायलाच हवं. पण वाटूरसारख्या मंडळात यंत्र बसवताना त्यासोबत नाव, फोन आणि कायमचा पगार असलेला एक कृषी हवामानतज्ज्ञ मागा. ग्रामसभेच्या ठरावात दोन्ही मागण्या एकाच कलमात लिहा, म्हणजे यंत्र मंजूर करून माणूस वगळता येणार नाही.